पोटातला पंचम

ज्याला नीट ऐकता येते, त्याच्यापासून जगात काहीही लपून राहत नाही. हा कानसेनांचा सिद्धांत होता, आणि बायकोने मारलेली तिसरी हाकही ऐकू आली नाही की ते तो सहसा मांडत.

कानसेन हे अर्थातच त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे. ते पियानो जुळवत. शहरातल्या दोन शाळा, एक संगीतवर्ग, एक जुने हॉटेल आणि मोठे सभागृह इथल्या सगळ्या पियानोंच्या तारा त्यांच्या हाताखालून जात. एकेका पियानोत सव्वादोनशे तारा. चावीने खुंटी केसभर पिळायची, ऐकायचे, पुन्हा केसभर सोडायची. नादकाटा खिशात असे, पण तो दाखवण्यापुरता. मूळ स्वर त्यांच्या डोक्यात तीस वर्षे मुक्कामाला होता आणि त्याने कधी घर बदलले नव्हते.

हे सगळे सासूबाईंना पटवून देणे मात्र कुणाला जमले नाही. लग्न ठरताना त्यांनी विचारले होते, "मुलगा करतो काय?"

"ऐकतो," मध्यस्थ म्हणाले.

"आईबापाचं ऐकतो ते चांगलंच आहे. पण करतो काय?"

या प्रश्नाला एकोणीस वर्षे झाली. या काळात सासूबाईंनी जावयाच्या हाती कधी एक छत्रीसुद्धा सांभाळायला दिली नव्हती. म्हणून त्या मंगळवारी सकाळी त्या बटणाला काखेत घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा कानसेनांच्या हातातला चहाचा कप जागच्या जागी थांबला.

बटण हा कुत्रा. चहाच्या किटलीएवढा देह, पांढरा रंग, तपकिरी कान, आणि डोळे मात्र कुठल्या तरी मोठ्या कुत्र्याकडून मागून आणल्यासारखे. त्याला कुत्रा म्हणावे तर फार होत होते, म्हणून सगळे त्याला 'ते' म्हणत.

"डोळ्याचं ऑपरेशन आहे," सासूबाई म्हणाल्या. "शनिवारपर्यंत थोरल्याकडे राहीन, दवाखाना तिथून जवळ पडतो. पण सूनबाईला कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात. आमच्या लेकीला शाळेची नोकरी. तेव्हा जावईबापू, आता तुमच्याशिवाय रिकामं कुणी नाही."

या वाक्यातले 'तुमच्याशिवाय कुणी नाही' एवढेच कानसेनांना ऐकू आले.

"आई, काही काळजी करू नका," ते म्हणाले. "जसं देताय तसं परत घ्या."

सासूबाई गेल्या. बटणाने घरभर फिरून प्रत्येक खोलीच्या कोपऱ्याचा वास घेतला आणि दुपारी दोन वाजता बैठकीच्या खोलीतल्या गालिच्यावर, नेमके मधोमध, आपले पोट बिघडल्याचे जाहीर केले. मग स्वयंपाकघरात. मग कानसेनांच्या बुटात. चार वाजेपर्यंत घरात कागद ठेवायला जागा उरली नव्हती आणि रद्दीही उरली नव्हती.

कानसेन बटणाला टॉवेलात गुंडाळून दोन गल्ल्या पलीकडच्या डॉक्टरीणबाईंकडे धावले. या बाई जनावरांच्या डॉक्टर. जनावरे बोलत नसल्यामुळे त्यांनाही बोलण्याची सवय राहिली नव्हती.

त्यांनी बटणाला टेबलावर ठेवले, पोट चाचपले, नळी लावून ऐकले.

"काय खाल्लं यानं?"

"काही नाही हो. आत्ता सकाळीच तर आलंय."

"खाल्लंय. असो. आज लंघन. उद्यापासून हे पातळ औषधी खाणं, दिवसातून चार वेळा, चारच चमचे. आणि एक लक्षात ठेवा. त्याच्यासमोर कुणी काही खायचं नाही. बघून बघून लाळ गळते आणि पोट परत चाळवतं."

"नाही खाणार."

"दर तासाला पोटाला कान लावून ऐका. गुरगुर येत असली की ठीक. पोट एकदम गप्प झालं तर मला फोन करा."

"मी ऐकू?" कानसेनांनी विचारले.

"का? ऐकू येत नाही का तुम्हाला?"

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना औषध म्हणून ऐकायला सांगितले होते. घरी परतताना रस्त्यावरची संध्याकाळ त्यांना विशेष मुलायम वाटली. टॉवेलातून बाहेर आलेले बटणाचे नाक वाऱ्याचा वास घेत होते, आणि कानसेन त्या नाकाला सांगत होते, "घाबरायचं नाही. आपण ऐकणार आहोत."

बुधवारी बायको शाळेत गेली. ती भूगोल शिकवत असे आणि तिच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका आल्या होत्या, त्यामुळे त्या आठवड्यात तिला घरापेक्षा ज्वालामुखींची जास्त माहिती होती. घरात बटण आणि कानसेन. कानसेनांनी खिडकीचे पडदे ओढले, जमिनीवर उशी टाकली, उशीवर बटणाला निजवले, आणि त्याच्याभोवती स्वतःला शेवयांच्या वेटोळ्यासारखे गुंडाळून त्याच्या पोटावर कान ठेवला.

आधी काहीच नाही. मग बटणाचा श्वास, पडदा आत-बाहेर हलावा तसा. आणि मग खूप खालून, विहिरीच्या तळातून कुणीतरी हळूच झाकण सरकवावे तशी एक लांबलचक गुरगुर. कानसेनांनी डोळे मिटले. त्यांना दिसले की एक मोठे घर आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी अनवाणी पायांनी कपाट हलवते आहे. मग जिना. मग पाण्यावर बांधून ठेवलेली होडी, जी मध्येच काठाला लागते आणि पुन्हा दूर जाते. गुरगुर थांबली. त्यांनी उठून वहीत लिहिले: 'दहा वाजता. खर्जातला पंचम. किंचित उतरलेला. गोड.'

तास संपायची वाट कोण पाहणार? ते पुन्हा निजले.

आता यात एक अडचण होती. बटणासमोर खायचे नव्हते, आणि बटण समोरून हलत नव्हते. कानसेन स्वयंपाकघरात गेले की ते मागोमाग येई. दार लावले की ते बाहेर बसून असे काही रडे की पोटाऐवजी छाती फुटेल असे वाटे. दुपारी त्यांनी न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, उभ्या उभ्या एक केळे खाल्ले. बाहेर आले तेव्हा बटण उंबऱ्यावर बसले होते. त्याने त्यांच्या तोंडाचा वास घेतला आणि त्या उसन्या मोठ्या डोळ्यांनी त्यांच्याकडे असे पाहिले की कानसेनांना खजील व्हायला झाले.

"परत नाही हं," ते म्हणाले. "शब्द आहे माझा."

बायकोने झाकून ठेवलेले जेवण त्यांनी फ्रिजमध्ये सरकवून दिले. संध्याकाळी बायकोला ते तिथे दिसले आणि कालचे उरलेले समजून तिने तेच खाऊन घेतले. संसार अशा समजुतींवर चालतो.

"आता कसं आहे त्याचं?" तिने एका उत्तरपत्रिकेवर भोपळा काढत विचारले.

"सुंदर," कानसेन म्हणाले. "दुपारी तर सलग अर्धं मिनिट लावला होता."

"काय लावला होता?"

"पंचम."

बायकोने चष्म्यावरून पाहिले. "अहो, पोट आहे ते. रेडिओ नाही. आणि आईला काय सांगायचं? फोन येईल."

"काही सांगायचं नाही. एकोणीस वर्षांनी एक वस्तू दिलीय त्यांनी माझ्याकडे. शनिवारपर्यंत ठणठणीत करतो, मग सावकाश सांगू. म्हातारपणी वगैरे."

"कुणाच्या?"

"माझ्या."

फोन आलाच. "बटण आठवण काढतं का माझी?" सासूबाईंनी विचारले.

"आत्तासुद्धा काढतंय आई. आतल्या आत," कानसेन म्हणाले, आणि हे खोटे बोलणे नव्हे अशी त्यांची समजूत होती.

गुरुवारी गुरगुर वाढली. शुक्रवारी तर तिने रूप धरले. खालून एक आवाज निघे, वळसा घेई, मध्येच दोन छोट्या हरकती घेऊन पुन्हा त्याच उतरलेल्या पंचमावर येऊन विसावे. कानसेनांची वही भरत आली. त्यांना अधूनमधून हलके वाटे, जणू पाय फरशीला जेमतेम टेकताहेत. खोलीतल्या वस्तूंना कडेने एक सोनेरी रेघ आल्यासारखी दिसे. संगीतात इतके खोल गेले की असे होतच असणार, असे त्यांनी मानले. बटण मात्र दिवसातून चार वेळा चार चमचे खाऊन घरभर पळू लागले होते आणि कानसेन निजले की त्यांच्या पोटापाशी येऊन, मान वाकडी करून, मोठ्या कुतूहलाने त्यांच्याकडे बघे. या बघण्याचा अर्थ कानसेनांनी 'कृतज्ञता' असा लावला.

शनिवारी सकाळी सभागृहाच्या व्यवस्थापकांचा फोन आला.

"कानसेन, विसरलात की काय? आज साडेसहाला कार्यक्रम आहे. पाहुण्या पियानोवादक बाई दोनला तालमीला येताहेत. पियानो कधी जुळवताय?"

"माझ्याकडे पेशंट आहे."

"तुमच्याकडे? घेऊन या त्याला पण. पण या."

तेव्हा बटण सभागृहात आले. रिकाम्या नऊशे खुर्च्या, वर एकच दिवा, आणि त्या दिव्याखाली काळाभोर पियानो उन्हात पहुडलेल्या म्हशीसारखा निवांत. कानसेनांनी बटणाची उशी पियानोखाली ठेवली, उशीवर बटण ठेवले, पोट एकदा ऐकून घेतले आणि कामाला लागले. नादकाटा घरीच राहिला होता, पण त्याचे काय अडले होते? डोक्यातला स्वर होताच. त्यांनी पहिली तार छेडली, डोळे मिटले, आणि डोक्यातला स्वर आपसूक वर आला: गोल, उबदार, ओळखीचा. त्याच्यावर त्यांनी ती तार बसवली. मग तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. एक वाजेपर्यंत सव्वादोनशे तारा एका कुटुंबासारख्या एकमेकींना धरून बसल्या. कानसेन उठले, आणि सभागृह त्यांच्याभोवती अर्धी गिरकी घेऊन थांबले.

"अहो, अहो!" व्यवस्थापकांनी त्यांना धरले. "चेहरा बघा, खडूसारखा झालाय. चला, उपाहारगृहात."

"बटणासमोर खाता येत नाही मला."

"मग बटणाला तिकीटखिडकीत बसवू. बाई आहेत तिथे, त्यांना कुत्री आवडतात. तुम्ही चला!"

कानसेनांनी ब्रेड-आमलेट खाल्ले. दुसरे व्यवस्थापकांनी मागवले. तिसरे आणि चौथे कुणी मागवले हे त्यांना आठवत नव्हते, पण तीही त्यांनीच खाल्ली. जगाला आलेली सोनेरी रेघ हळूहळू पुसली गेली आणि भिंतीवरचे दरपत्रक स्पष्ट दिसू लागले.

दोन वाजता पाहुण्या बाई आल्या. उंच, शांत, हातमोजे घातलेल्या. त्यांनी मोजे काढले, बसल्या, तीन स्वर वाजवले आणि हात मांडीवर ठेवले.

"हा कुणी जुळवला?"

"मी," कानसेन अभिमानाने पुढे झाले.

"कुठल्या स्वरावरून?"

कानसेनांनी उत्तर द्यायला तोंड उघडले. मग बाईंनी पुन्हा तोच स्वर वाजवला, आणि पोटभर जेवलेल्या कानसेनांना तो पहिल्यांदाच बाहेरून ऐकू आला. उतरलेला. गोड. वहीत दहा-दहा वेळा लिहिलेला. तीस वर्षांच्या भाडेकरूला बाहेर काढून बटणाचा पंचम त्यांच्या डोक्यात राहायला आला होता.

"काय झालं?" व्यवस्थापकांनी विचारले.

"थोडा उतरलाय," कानसेन म्हणाले. "पण सगळाच सारखा उतरलाय. आपापसात गुण्यागोविंदानं आहे."

"माझ्यासोबत बासरी आहे," पाहुण्या बाई म्हणाल्या. "बासरीला खुंट्या नसतात. आम्ही दोघं एकत्र वाजवायला लागलो तर लोक दात धरून घरी जातील."

"तीन तास द्या. पुन्हा जुळवतो," कानसेन म्हणाले. "फक्त एकदा पोट ऐकतो."

तिकीटखिडकीतून बटण आले. कानसेन रंगमंचावर वेटोळे करून निजले, कान लावला. विहीर गप्प होती. वरच्या मजल्यावरचे कपाट हलत नव्हते. होडी नव्हती. त्यांनी कान बदलला. काहीच नाही.

"पंखे बंद करा!" ते ओरडले. पंखे बंद झाले. "दारं लावा! कुणी हलू नका!"

सभागृहातली सगळी माणसे जिथल्या तिथे थांबली: दिवेवाले शिडीवर, झाडणाऱ्या बाई केरसुणीसह, व्यवस्थापक एका पायावर. नऊशे रिकाम्या खुर्च्यांसमोर एवढी शांतता त्या सभागृहाने चांगल्या चांगल्या कलावंतांनाही दिली नव्हती.

"गप्प झालंय," कानसेन म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. "डॉक्टरांना बोलवा."

"आणि पियानो?"

"पियानो थांबेल. साहेब, हे माझ्याकडे कुणीतरी विश्वासानं ठेवलंय."

हे वाक्य त्यांनी असे काही म्हटले की व्यवस्थापक पत्ता विचारून स्वतः धावत गेले. डॉक्टरीणबाई आल्या. बटण त्यांना पाहून शेपटी हलवत पळत सुटले, त्याला दोन फेऱ्यांनंतर पकडण्यात आले. बाईंनी नळी लावली, ऐकले.

"छान आहे पोट."

"पण आवाज बंद झालाय!"

"कुठे बंद झालाय? हे घ्या. तुम्हीच ऐका." त्यांनी नळी कानसेनांच्या कानांत घातली.

आत बारीक, चपळ, चिमणीने पाण्यात पंख झाडावेत तशी चुळबूळ चालली होती. कानसेनांनी नळी काढली.

"हा तो आवाज नव्हे. मी चार दिवस ऐकतोय. आमचा खर्जातला आहे." त्यांनी वही पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी पहिले पान वाचले, मग शेवटचे.

"तुम्ही ऐकत कसे होतात? दाखवा बघू."

कानसेनांनी रंगमंचावर निजून दाखवले: गुडघे पोटाशी, पाठीची कमान, डोके आत, मध्ये बटण. डॉक्टरीणबाई त्यांच्याभोवती एक फेरी मारून आल्या.

"जेवलात कधी?"

"आत्ता. चार प्लेट."

"त्याआधी?"

"बुधवारी एक केळं. न्हाणीघरात."

"आणि त्याआधी?"

"मंगळवारी सकाळी. पण तुम्हीच म्हणालात, त्याच्यासमोर खायचं नाही."

"मग?"

"ते माझ्यासमोरून हललंच नाही."

डॉक्टरीणबाईंनी वही मिटून परत दिली. निकालही त्यांनी मोजक्याच शब्दांत दिला.

"स्वर बरोबर ओळखलेत. पोट चुकलं."

शिडीवरचे दिवेवाले आधी हसले. मग झाडणाऱ्या बाई. पाहुण्या बाईंनी पियानोकडे पाहिले, कानसेनांच्या पोटाकडे पाहिले.

"म्हणजे हा सगळा पियानो..."

"हे कुठे छापून यायला नको," व्यवस्थापक घाईने म्हणाले.

कानसेनांनी मान खाली घालून चावी उचलली. बाईंच्या बासरीवाल्याने एक स्वर धरला, त्यावरून त्यांनी पहिली तार वर घेतली, आणि मग एकेक करून सव्वादोनशे. चार दिवस ज्या घरात ते फिरत होते, तो जिना, ते अनवाणी पाय, ती होडी, सगळे आपल्याच पोटातले होते हे त्यांना कळले होते, तरी प्रत्येक तार पिळताना ते जरासे हळहळत. तिथे छान वाटायचे.

साडेपाचला शेवटची तार बसली आणि मागच्या दारातून बायको आत आली. तिच्या हाताला धरून सासूबाई. एका डोळ्यावर पांढरी पट्टी. "कार्यक्रमाच्या आधी बटणाला बघायचंय म्हणाली, ऐकेचना," बायको डोळ्यांनी कानसेनांची माफी मागत होती.

बटणाने झेप घेतली. सासूबाईंनी त्याला काखेत घेतले, उघड्या डोळ्याने खालून वरून तपासले. मग तोच डोळा जावयावर आला. कानसेनांचा सदरा खांद्यावर लोंबत होता आणि पट्टा दोन भोके आत गेला होता.

आता म्हातारपणाची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. कानसेन पुढे झाले.

"आई, तुमच्याशी खोटं बोललो. तुम्ही गेल्याबरोबर बटणाचं पोट बिघडलं होतं. फार बिघडलं होतं. मी कळवलं नाही. वाटलं, पहिल्यांदाच काही सोपवलंत आणि तेही मला..."

सासूबाई बटणाचा एक कान बोटाने सरळ करीत राहिल्या.

"बिघडणारच होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "मंगळवारी निघताना मी त्याला बिस्किटं भरवली. क्रीमची. चार दिवस भेटणार नव्हतं, म्हटलं खाऊ दे बिचाऱ्याला."

"किती भरवलीस?" बायकोने विचारले.

"डबा होता."

"मग आम्हाला सांगायचं नाहीस का गं?"

"जावईबापूंना कशाला सांगायचं? ते आधीच हळवे. उगाच काळजी करत बसले असते."

डबा अर्ध्या किलोचा होता. बटणाचे वजन तीन किलो आहे.